खांदे टेकले का?

कुस्तीतला सगळ्यात मोठा निर्णय सगळ्यात कमी वेळात द्यावा लागतो. वरचा मल्ल छातीने दाबतो आहे, खालचा मानेवर ब्रिज करून तग धरून आहे आणि पंच मॅटवर आडवा होऊन, गाल जवळजवळ मॅटला टेकवून खांद्याखालची फट बघतो आहे. दोन्ही खांदे टेकले की कुस्ती संपली, मग तोवरचे गुण काहीही असोत. पण खांदे किती वेळ टेकले पाहिजेत? आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात सेकंदांचा आकडा नाही. पंचाला पूर्ण ताबा दिसेल इतका वेळ, एवढेच तिथे सांगितले आहे. अमेरिकेतल्या शाळांच्या कुस्तीत दोन सेकंद आणि कॉलेजच्या कुस्तीत एक सेकंद असे मोजमाप ठरलेले आहे. बाकीच्या जगाने ते पंचाच्या नजरेवर सोडले. मात्र मॅटवरच्या पंचाला एकट्याला चितपट देता येत नाही. कडेला बसलेले जज किंवा मॅट चेअरमन यांच्यापैकी एकाची संमती घ्यायची, मग हाताने मॅटवर थाप मारायची आणि शिट्टी फुंकायची.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत वाद पेटला तो याच फटीवरून. गादी म्हणजे मॅट विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असे राक्षेचे म्हणणे होते. बोलाचाली वाढत गेली आणि पंचांची कॉलर धरून लाथ मारण्यापर्यंत गोष्ट गेली. त्याच संध्याकाळी मोहोळविरुद्धच्या किताबाच्या लढतीत महेंद्र गायकवाड एका गुणाच्या वादावरून शेवटच्या क्षणी मॅट सोडून गेला. किताब मोहोळला मिळाला, बाकी दोघांवर तीन वर्षांच्या बंदीची कारवाई झाली. दोनच वर्षांपूर्वी, जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात, माती विभागाच्या अंतिम लढतीत गायकवाडने सिकंदर शेखवर बाहेरची टांग मारली होती. त्या डावाला पंचांनी चार गुण दिले. सिकंदर हा कोल्हापूरच्या गंगावेश तालमीचा पठ्ठा. त्या चार गुणांचा वाद कोल्हापूरच्या चहाच्या टपऱ्यांवर कितीतरी दिवस पुरला. पडताना पाठीचा मातीशी होणारा कोन नव्वद अंशांच्या आत आला होता का, एवढाच खरे तर प्रश्न होता. आत आला असेल तर उभ्यातून थेट धोक्याच्या स्थितीत टाकले म्हणून चार गुण, नसेल तर नुसता कब्जा म्हणून दोन.

मोठ्या मल्लांच्या या वादांवर भरपूर लिहून झाले आहे. मला काळजी वाटते ती या वादांचे व्हिडिओ मोबाइलवर मागे-पुढे करून बघणाऱ्या बारा-चौदा वर्षांच्या पोरांची. त्यांच्या कुस्तीतही पंच रोज निर्णय देतात. तिथे कॅमेरा नसतो, वर्तमानपत्राचा वार्ताहर नसतो, आणि त्या निर्णयांवरच पोराची कुस्ती घडते किंवा बिघडते. वस्ताद डाव शिकवतो. त्यातला कुठला डाव पोराच्या अंगात राहणार, हे बऱ्याच अंशी पंच ठरवतो.

कोल्हापूर भागातल्या पोराची पंचाशी पहिली गाठ पडते ती गावच्या जत्रेत. दुपार कलल्यावर हलगी सुरू होते आणि आधी लहान पोरांच्या कुस्त्या लागतात. एकेकाळी त्या रेवड्यांवर, खोबऱ्याच्या वाटीवर, नारळावर लागायच्या. आता दहा-वीस रुपयांपासून शंभर-दोनशेपर्यंत इनाम असते. इथे वजनकाटा नसतो, जन्मदाखला कोणी मागत नाही. लंगोट लावलेली पोरे मैदानाच्या कडेने उभी असतात. फेटा बांधलेला एखादा जुना पैलवान एकाचे मनगट धरून त्याला पुढे ओढतो, दंडाला हात लावून बघतो, मग दुसरा शोधतो, दोघांना खांद्याला खांदा लावून उभे करतो आणि दोघांचे हात वर करून गर्दीला दाखवतो. गर्दीतून आवाज येतो, ‘जोड हलकी हाय, दुसरा घ्या!’ कधी तो ऐकतो, कधी नाही. जोड लावण्याचा हा निर्णय चितपटीच्या निर्णयापेक्षा मोठा आहे असे मी मानतो, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

अकरा ते चौदा या वयात दोन पोरांच्या अंगात किती फरक असतो हे शाळेच्या कुठल्याही वर्गात डोकावले तरी कळते. एकाला मिसरूड फुटलेले असते, दुसऱ्याचा आवाजही बदललेला नसतो. ज्याचे अंग लवकर भरते तो या तीन-चार वर्षांत नुसत्या ताकदीवर जिंकत जातो. त्याला डाव टाकावाच लागत नाही. ओढले, पाडले, वर बसला. उशिरा वाढणारे पोर मात्र वर्षभर पाठीवर पडत राहते. त्यातली काही पोरे या काळात बचाव शिकतात, खालून निसटायला शिकतात, अंगाने मोठ्याचा तोल कुठे जातो ते शिकतात. उरलेली तालीम सोडून गावी परत जातात. जोड लावणारा डोळस असेल तर तो दोघांचेही भले करतो. लवकर भरलेल्या पोरासमोर तो एखादे वर्षाने मोठे, कसलेले पोर आणतो, म्हणजे त्याला डाव वापरणे भाग पडते. हडकुळ्याला तो त्याच्या जोडीचे पोर देतो, म्हणजे जिंकणे काय असते ते त्यालाही कळते. जुन्या वस्तादांना हे हिशेब तोंडपाठ असायचे, कारण कुठल्या तालमीतले कुठले पोर किती महिने मेहनत करते आहे याची त्यांना खबर असायची.

कॅनडात हीच गोष्ट वेगळ्या खेळात उघडकीला आली. तिथे आइस हॉकी म्हणजे आपल्याकडे क्रिकेट आहे तसे वेड. वयोगट १ जानेवारीच्या तारखेने पडतात. १९८० च्या दशकात रॉजर बार्न्सली नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या आणि त्याच्या पत्नीच्या लक्षात आले, की वरच्या दर्जाच्या कुमार संघांत जानेवारी, फेब्रुवारी, मार्चमध्ये जन्मलेली मुले भरमसाट आहेत आणि वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतली अगदी थोडी. जानेवारीत जन्मलेला नऊ वर्षांचा मुलगा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. निवड करणाऱ्याला तो जास्त हुशार खेळाडू वाटतो, त्याला चांगला संघ, चांगला प्रशिक्षक, बर्फावर जास्त वेळ मिळतो, आणि चार-पाच वर्षांत तो खरोखरच चांगला खेळाडू होतो. एका नजरेने केलेली निवड पुढे स्वतःच स्वतःला खरी ठरवते. कुस्तीतही वयोगट जन्मवर्षावरच ठरतात. वजनगटांमुळे तो फरक थोडा भरून निघतो, पण चाळीस किलोच्या दोन पोरांत एकाची हाडे पिकलेली आणि दुसऱ्याची कोवळी असू शकतात. ते काट्यावर दिसत नाही.

आता माती आणि मॅट यांच्याकडे येऊ, कारण कोल्हापूरच्या पोरांची खरी ओढाताण तिथे आहे.

तालमीतला हौदा हे एक वेगळेच जग आहे. लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून ती मुरवलेली असते. पहाटे ती फावड्याने खणून भुसभुशीत करण्यातच अर्धी मेहनत होते. या मातीत पाय रुततो, त्यामुळे मॅटसारखी झपकन मुसंडी मारता येत नाही. पकड बसावी म्हणून मल्ल एकमेकांच्या अंगावर माती टाकतात. म्हणूनच पाठीला माती लागली हा चितपटीचा पुरावा होत नाही आणि निर्णय पुन्हा पंचाच्या डोळ्यांवर येतो. मैदानी निकाली कुस्तीत गुण नाहीत. आसमान दाखवले तरच जिंकला. खडाखडी करत प्रतिस्पर्ध्याचा दम जोखायचा, त्याला खेळवायचे, मग ढाक, कलाजंग, घिस्सा, एकलंगी, जो डाव साधेल तो पूर्ण मारायचा. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलेल्या खासबाग मैदानात चारही बाजूंनी उतरती बैठक आहे आणि मधला आखाडा सगळ्यांना सारखा दिसतो. तिथे बसलेल्या हजारो माणसांना धीराने लढणाऱ्या मल्लाची किंमत कळते. दहा मिनिटे दोघे नुसते हाताला हात लावून फिरले तरी जाणकार उठून जात नाहीत.

हाच धीर घेऊन चौदा वर्षांचे पोर शालेय स्पर्धेत मॅटवर उतरते. शालेय कुस्तीचे गट चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या. या पायऱ्यांना वजन आहे. दहावी-बारावीला खेळाडूंचे वाढीव गुण आहेत, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. शेतकऱ्याच्या घरातला बाप पोराच्या दूध-बदामाचा खर्च सोसतो त्यामागे हाही हिशेब असतो. पोर सवयीने खडाखडी सुरू करते. इथे कुस्ती मिनिटांची असते. आंतरराष्ट्रीय नियमांत मोठ्यांना तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि लहान गटांना दोन-दोन मिनिटांच्या. पंच हाताने खूण करतो, सूचना देतो. पोराला वाटते, आपण कुठे चुकलो? दुसऱ्यांदा पंच त्याला निष्क्रिय ठरवतो आणि तीस सेकंदांचे घड्याळ सुरू होते. त्या तीस सेकंदांत कोणालाच गुण मिळाला नाही तर समोरच्याला एक गुण. पोर बिथरते, घाईने पट काढायला जाते आणि मागून कब्जा देऊन बसते. तीन-शून्य. बाहेर आल्यावर बाजूचा माणूस सांगतो, ‘पंचानं मारलं तुला.’

पंचाने मारलेले नसते. पोराला मातीवर जो गुण म्हणून शिकवला, तो मॅटवर दोष ठरतो, हे त्याला कोणी नीट समजावून सांगितलेले नसते. आणि निष्क्रियतेचा हा निर्णय सगळ्या निर्णयांत जास्त नाजूक आहे. खांदे टेकणे निदान डोळ्यांना दिसते. आक्रमण करण्याची इच्छा दिसत नाही, ती ताडावी लागते. एखादा पंच डोक्याला डोके लावून पुढे ढकलणाऱ्याला आक्रमक समजतो, दुसरा त्यालाच हात अडकवून कुस्ती अडवून धरणारा समजतो. एका स्पर्धेत हे आणि दुसऱ्या स्पर्धेत ते, असे झाले की पोर हुशारीने तिसरीच गोष्ट शिकते. खोटा पट काढायचा, गुडघा टेकवल्यासारखे करायचे, पंचाकडे बघायचे. हल्ला करायचा नाही, हल्ला केल्याचे दाखवायचे. मॅटचे वर्तुळ नऊ मीटरचे, त्याची कडेची पट्टी एक मीटरची. प्रतिस्पर्ध्याचा पाय त्याच्या बाहेर गेला की एक गुण. ढकलण्याला गुण मिळतो हे कळलेली पोरे वर्षभर ढकलतच राहतात. टांग, लपेट, बगलडूब हे डाव तालमीत शिकलेले असतात, पण स्पर्धेत कधी बाहेर येत नाहीत. सतरा-अठराव्या वर्षी राष्ट्रीय पातळीवर हरियाणाच्या पोराशी गाठ पडते तेव्हा ढकलून काम भागत नाही, आणि मग पायाला हात घालण्याची सवय नव्याने लावायला उशीर झालेला असतो.

खाशाबा जाधवांच्याही वाट्याला हा फरक आला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकत होते. १९४८ ला लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीत वाढलेल्या या मल्लाला मॅट आणि तिचे नियम नवखे होते. तरी त्यांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला. १९५२ ला हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या स्पर्धेतली एक हकीकत कुस्तीच्या वर्तुळात आजही सांगतात. जपानच्या शोहाची इशीशी दमछाक करणारी लढत झाल्यावर लगेचच त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्हशी लढायला बोलावले गेले. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा त्यांचा हक्क होता, पण तो मागायला भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तिथे नव्हता. सुवर्ण इशीला मिळाले, रौप्य मामेदबेकोव्हला. नियम माहीत असणारा एक माणूस मॅटच्या कडेला नसणे किती महाग पडू शकते, हे त्या अर्ध्या तासात आहे. आजही तालुक्याच्या स्पर्धेत पोराच्या कोपऱ्यात उभा असलेला माणूस वस्ताद असतो, मामा असतो, कधी नुसता गावकरी असतो. त्याला डाव ठाऊक असतात. निर्णयाला आव्हान कधी द्यायचे, ते फेटाळले गेले तर समोरच्याला एक गुण जातो, गुण सारखे झाले तर आधी मोठ्या गुणांचा डाव कोणाचा ते बघतात आणि मग शेवटचा गुण कोणी घेतला ते, हे ठाऊक नसते. पोर बरोबरीत आहे म्हणून कोपरा शांत बसतो आणि पोर हरलेले असते.

नियम तोच ठेवून शिट्टी बदलली तर खेळ किती बदलतो, याचे उत्तम उदाहरण पुन्हा बर्फावरचे आहे. आइस हॉकीत काठीने प्रतिस्पर्ध्याला अडकवणे, हाताने धरून ठेवणे हे पहिल्यापासून नियमबाह्यच होते. पण पंच त्याकडे काणाडोळा करत. चपळ खेळाडूला धिप्पाड खेळाडू काठीने मागे ओढत राहायचा आणि ते चालून जायचे. २००४-०५ चा अख्खा मोसम मालक आणि खेळाडूंच्या वादात बुडाल्यावर उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक लीगने पंचांना सांगितले, जे पुस्तकात आहे ते सगळे पकडा. पाठोपाठ अमेरिकेच्या राष्ट्रीय संघटनेने मुलांच्या सामन्यांतही तोच कडकपणा आणला. अडकवण्याची सोय गेली तशी प्रशिक्षकांना मुलांच्या स्केटिंगकडे आणि पायांच्या चपळाईकडे वळणे भाग पडले.

अंगाने धडक देण्याबाबत मात्र त्यांनी नियमच बदलला. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात अकरा-बारा वर्षांच्या मुलांना धडक द्यायला परवानगी होती, क्वेबेकमध्ये नव्हती. कॅलगरी विद्यापीठाच्या कॅरोलिन एमरी आणि सहकाऱ्यांनी दोन्हीकडच्या मुलांची तुलना करून २०१० मध्ये दाखवले, की अल्बर्टातल्या मुलांना सामन्यात इजा होण्याचा धोका तिपटीहून जास्त होता. मेंदूला धक्का बसण्याचाही. २०११ मध्ये अमेरिकेने आणि २०१३ मध्ये कॅनडाने त्या वयोगटातली धडक बंद केली. तेव्हा विरोधही झाला. लहानपणी धडक खायला शिकले नाहीत तर मोठेपणी काय करतील, असे पालकच विचारत होते. मातीतला पैलवानही असेच बोलतो, आणि त्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. पण कोवळ्या मानेची भरपाई कुठल्याच पुढच्या यशाने होत नाही.

मानेचा मुद्दा कुस्तीत सगळ्यात आधी येतो. मॅटच्या नियमांत लहान गटासाठी डबल नेल्सन बंद आहे. डोक्याला वेढा घालताना प्रतिस्पर्ध्याचा एक हात आत असायलाच हवा. हात नव्वद अंशांपेक्षा जास्त पिरगाळता येत नाही. मैदानी कुस्तीत असे लिहिलेले काही नसते. तिथे मानेवर गुडघा रोवून घुटना लावला जातो, आणि खालच्याची मान कुठवर सहन करेल हे पंचाने ओळखायचे असते. मोठ्या मल्लांच्या बाबतीत तो थांबून बघू शकतो. लहान पोरांच्या बाबतीत त्याने थांबू नये. गर्दी ओरडली, इनाम देणारा पुढारी नाराज झाला, निकाल न लावता कुस्ती सोडवली म्हणून कोणी टोमणे मारले, तरी हरकत नाही. मान वाकडी होताना दिसली की हात मध्ये घालून दोघांना उभे करायचे. पोर परत लढेल. पुढच्या जत्रेला लढेल.

लहान गटात पंचाने आणखी एक गोष्ट करावी असे मला वाटते, आणि ती नियमांच्या आड येत नाही. निर्णय देताना तो पोराला कळेल असा द्यावा. निष्क्रियतेची सूचना देताना हात झटकून खूण करणे पुरेसे आहे. पण कुस्ती संपल्यावर हात वर करण्याआधी दोन वाक्ये सांगायला काय लागते? ‘तू मागं मागं गेलास, म्हणून गुण गेला.’ ‘तुझा डाव चांगला होता, पण तू स्वतः बाहेर होतास.’ हरलेल्या पोराला एवढे कळले तरी घरी जाताना त्याच्या डोक्यात पंचाचा राग राहत नाही, चूक राहते. वस्तादाने काय करायचे तेही तितकेच साधे आहे. पोरासमोर पंचाला शिव्या घालायच्या नाहीत. दाद मागायची तर रीतसर, स्वतः, पोर कपडे बदलायला गेल्यावर मागायची. तालमीत पोर वस्तादाच्या पाया पडते, त्याचा शब्द खाली पडू देत नाही. तोच वस्ताद मॅटच्या कडेला पंचावर धावून जाताना दिसला तर पोर दोन्ही गोष्टी शिकते आणि मोठेपणी जी सोपी असते ती करते.

आणि शिट्टी पोरांच्याही हातात द्यायला हवी. आठवड्यातून एक दिवस तालमीत लढती लावाव्यात आणि पंच म्हणून चौदा-पंधरा वर्षांचे पोरच उभे करावे. कडेला दुसरे पोर जज, तिसरे मॅट चेअरमन. तिघांपैकी दोघांचे जमले तर गुण. मोबाइल एका कोपऱ्यात लावून ठेवायचा. वाद झाला की लढत थांबवून सगळ्यांनी बघायचे, पाठ किती अंशात गेली, पाय पट्टीबाहेर पूर्ण गेला होता की टाचच गेली होती, खांदे खरोखर टेकले की पंचाला तसे वाटले. पहिल्या दिवशी पंच झालेले पोर शिट्टी उशिरा वाजवते, भिऊन दोघांनाही गुण देऊन टाकते, दोस्ताला झुकते माप देते. वस्तादाने मध्ये पडू नये. दोन महिन्यांत तेच पोर मॅटवर आडवे होऊन खांद्याखालची फट बघायला लागेल. पुढे एखाद्या स्पर्धेत आपल्याविरुद्ध निर्णय गेला, तर त्या पंचाला कुठून काय दिसत होते हे त्याला ठाऊक असेल. त्यांच्यातलीच एक-दोन पोरे कुस्ती सुटल्यावर पंच परीक्षेला बसतील. कोल्हापूरने मल्ल पुष्कळ दिले. मॅटवरच्या नियमांत मुरलेले, पोरांना समजावून सांगणारे पंच या मातीला आता फार हवे आहेत, आणि ते तालमीतूनच यायला हवेत.